मिरांडा मिसचा स्कोर

मिरांडा मिस गेल्या, त्यानंतर महिन्याभराने वसईला त्यांच्या भाच्याच्या घरी प्रार्थना होती. प्रार्थना संपल्यावर केक आणि चहा फिरू लागला. रॉनी, म्हणजे हा भाचाच, मिसचा टॅब सगळ्यांना दाखवत होता.

"आंटीचा हायेस्ट स्कोर बघा. एक लाख बारा हजार! ह्या वयात!"

लोक कौतुकाने माना डोलवत होते. टॅब हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला. मी चष्मा लावून आकडा पाहिला, "वा" म्हणालो आणि टॅब शेजारच्या बाईंकडे दिला.

तो आकडा खोटा नाही. पण मिसचा हायेस्ट तो नव्हे. खरा आकडा जगात दोनच माणसांनी पाहिला होता, एक मिस आणि दुसरा मी. आता मी एकटाच उरलो आहे, आणि माझंही वय एकोणऐंशी आहे. तेव्हा हे आता लिहून ठेवायला हवं. त्या दिवशी केक खाण्याऐवजी बोललो असतो तर लिहावं लागलं नसतं. पण हा केक काही पहिला नव्हे. मी याआधीही गप्प बसलो होतो, तेही मिससमोर.

माहीमला बाजाराच्या मागच्या आमच्या जुन्या घरात पहिल्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं होती, आमचं आणि त्यांचं. त्यांना मिस म्हणायची पद्धत माझ्या बायकोने, सुमनने पाडली. लग्नाआधी ती दादरला त्यांच्या क्लासात टायपिंग शिकत होती. सासरी आली तर समोरच्या दारात मिस उभ्या. सुमन पाया पडायला वाकली तेव्हा मिस म्हणाल्या, "ते राहू दे. करंगळी सुधारली का?"

मिस कंबरेत ताठ होत्या आणि बोलण्यातही. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. इंग्रजी आणि मराठी, दोन्ही टायपिंग शिकवायच्या. विद्यार्थ्यांच्या हातांवर टर्किश टॉवेल टाकायच्या, म्हणजे कळा दिसणार नाहीत. स्वतः शेजारच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून ओरडायच्या, "कोण आहे ते? डावी अनामिका झोपलीय!" ती खरोखरच झोपलेली असायची.

त्यांचं एक तत्त्व होतं, बोटाला उत्तर मिळालं पाहिजे. कळ दाबली की ती खाली जायला हवी, तळाला टेकायला हवी आणि परत वर यायला हवी. म्हणजे बोटाने विचारलं आणि कळेने सांगितलं. हे तत्त्व त्यांनी टाइपरायटरपुरतं ठेवलं नव्हतं. माहीम स्टेशनापाशी काचेवर बोट टेकवायचं पैशाचं मशीन आलं, तेव्हा त्या तिथून निघून पार शितळादेवीच्या देवळापर्यंत चालत जायच्या, कारण तिकडच्या मशीनला बटणं होती. आमच्याकडे नवी बेल बसवली तर त्यांनी ती दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "सबनीस, बेल वाजते, पण मेलेली आहे." मी चांगला आठवडाभर ती बेल दाबून पाहत होतो. आठव्या दिवशी मलाही ती मेल्यासारखी वाटू लागली आणि मी बदलून घेतली.

क्लास बंद पडला. मशिनं भंगारात गेली; एक मिसनी घरी आणलं, पण त्याला नवी रिबीन कुठे मिळेना. मिस पंधरा दिवस गॅलरीत बसून कठड्यावर बोटं आपटत होत्या. मग एक दिवस माळा आवरताना रॉनीचा लहानपणचा टीव्ही गेम सापडला. रॉनी चौथीत असताना त्यांनीच घेतलेला. काळा डबा, वरून खोचायची पिवळी कॅसेट आणि वायरीच्या टोकाला हातात धरायचा रिमोट. त्यावर डावीकडे फुलीसारखं एक बटण आणि उजवीकडे दोन लाल. मिसनी लाल बटण दाबलं. ते खाली गेलं आणि टक् करून वर आलं.

त्या दिवशी आमच्या घरी चहाला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, की सुमनने विचारलं, "मिस, कुणाचं पत्र आलं का?"

"उत्तर आलं," मिस म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता त्यांचं विमान सुटायचं. खाली नदी, समोरून शत्रूची विमानं, त्यांना पाडत आपण पुढे जायचं, एवढाच खेळ. पण मिस खेळायच्या नाहीत, परीक्षेला बसायच्या. लाकडी खुर्ची, पाठ सरळ, कोपरं अंगाला चिकटलेली. शेजारी वही. विमान पडलं की कारण लिहायच्या: "पूल. डावा अंगठा उशिरा." "तेलाची टाकी. हावरटपणा." मी चहाचा कप घेऊन मागे बसायचो. मला फक्त बसायची परवानगी होती. एकदा मी "डावीकडे, डावीकडे!" असं ओरडलो, तर विमान थांबवून त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, "परीक्षा चालू असताना पर्यवेक्षक बोलतात का?"

रॉनीला हे कळल्यावर तो आधी खूप हसला. मग पुढच्या भेटीत टॅब घेऊन आला. तो परळला काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरचं काम करतो. सगळ्या समस्यांवर त्याच्याकडे एखादं अ‍ॅप असतं.

"आंटी, हाच गेम आहे. सेम टू सेम. तेच विमान, तीच नदी. ते डबडं फेकून दे आता, एक दिवस शॉक बसेल."

मिसनी टॅब मांडीवर घेतला. काचेवर बटणांची चित्रं होती. अंगठा ठेवला. विमान उडालं, तिसऱ्या सेकंदाला काठावर आपटलं.

"अंगठा घसरतो. बटण कुठे आहे ते बघायला खाली मान घालावी लागते. बटण बघू का विमान बघू?"

"सवय होईल गं. आणि हे बघ, इथे सेव्ह होतं. मेलीस की परत इथूनच चालू."

"म्हणजे?"

"म्हणजे चुकलं की मागे जायचं आणि पुन्हा करायचं."

मिसनी टॅब त्याच्या हातात परत दिला. "रॉन, परीक्षेत मी कुणाला खोडरबर दिलाय का आजवर?"

"पण आंटी, तुझ्या मशीनला तर काही लक्षातच राहत नाही! बटण बंद केलं की स्कोर गेला."

हे मात्र खरं होतं. त्या डब्याला स्मरणशक्ती नव्हती. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात सगळ्यात मोठा आकडा दिसायचा, पण वीज आहे तोवरच. बटण बंद केलं की पाटी कोरी.

वाद दर भेटीत व्हायचा. अखेर नाताळच्या जेवणाला रॉनीने पैज लावली. फोनवर त्याचा स्वतःचा स्कोर तीन लाख होता. "आंटी, तुझ्या डबड्यावर तीन लाखाच्या वर करून दाखव. मी परत टॅबचं नाव काढणार नाही. नाही झाले ईस्टरपर्यंत, तर डबडं भंगारवाल्याला आणि तू टॅबवर. आणि स्कोर मी माझ्या डोळ्यांनी बघणार."

"मान्य," मिस म्हणाल्या. "परीक्षक समोरच लागतो."

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे कप घेऊन बसलो होतो. चहा गार झाला तरी प्यायचं भान राहिलं नाही. दोन लाख. अडीच. मिसच्या कानामागून घामाचा ओघळ आला, पण कोपरं जागची हलली नाहीत. तीन लाख झाले तेव्हा मी उठून उभा राहिलो, पण बोललो नाही. पर्यवेक्षक होतो ना. शेवटचं विमान पडलं तेव्हा आकडा होता तीन लाख बेचाळीस हजार सातशे.

मिसनी रिमोट टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि वहीत लिहिलं, "पूल. वय."

"मिस, फोटो काढतो," मी फोन बाहेर काढला.

"खबरदार. मार्कशीटचा फोटो काढून कुणी पास होत नाही. रॉन रविवारी मला सोडायला येणार आहे, तेव्हा बघेल."

दुसऱ्याच दिवशी त्यांना वसईला जायचं होतं, रॉनीच्या बहिणीकडे तीन दिवस. तोवर मशीन चालू ठेवायचं ठरलं. टीव्ही बंद केला तरी चालत होता, डबा मात्र चालू हवा. डबा तापेल म्हणून मिसनी त्याच्यावर टेबलफॅन सोडला. जुन्या रिबिनीचा शेवटचा जीव वापरून एक चिठ्ठी टाइप केली, "हे बटण बंद करू नये." ती बटणाच्या वर चिकटवली कुणी? मी. घरून डिंक आणून, चारही कोपरे दाबून.

घराची किल्ली माझ्याकडे होती. गॅलरीतल्या कुंड्यांना शनिवारी पाणी घालायचं, एवढंच काम.

आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं पटणार नाही. मी चौतीस वर्षं रे रोडच्या एका गोदामाच्या कचेरीत काढली. तिथे साहेबांचा हुकूम होता, की शेवटी बाहेर पडेल त्याने दिवे-पंखे बंद करायचे. शेवटी बाहेर पडणारा चौतीस वर्षं मीच होतो. त्यामुळे खोलीतून बाहेर पडताना माझा उजवा हात आपोआप बोर्डाकडे जातो आणि तळव्याने सगळी बटणं एकदम वर करतो. लोकांच्या घरीसुद्धा. एकदा साखरपुड्याच्या हॉलमधले पंखे मी बंद केले होते. सुमन म्हणते, "देव्हाऱ्यातल्या समईला बटण नाही, म्हणून ती वाचलीय."

शनिवारी सकाळी मी मिसच्या घरात गेलो. कुंड्यांना पाणी घातलं, सढळ हाताने घातलं, खालच्या बशा भरल्या. रिकाम्या घरात पंखा फिरत होता. मी डब्याकडे आदराने एक नजर टाकली. चिठ्ठीही वाचली. मग बाहेर पडलो, कुलूप लावलं, आमच्या दारात आलो, चपला काढल्या आणि माझ्या लक्षात आलं, की मागून पंख्याचा आवाज येत नाहीये.

मी धावत परत गेलो. चारही बटणं वर. चिठ्ठी जागच्या जागी, माझ्या डिंकाने घट्ट. बटण खाली केलं, टीव्ही लावला. विमान ताजंतवानं होऊन नदीवर उभं होतं. वरच्या कोपऱ्यात शून्य.

मी मिसच्या परीक्षेच्या खुर्चीवर बसलो. रिमोट हातात घेतला. मनात एक विचार आला, तोही लिहून टाकतो: आपणच तीन लाख करावेत. पाच वेळा खेळलो. सगळ्यात मोठा आकडा आठशे झाला. मग तोही पुराव्यादाखल राहू नये म्हणून बटण पुन्हा बंद-चालू केलं आणि घरी आलो.

रविवारी दुपारी मिस आल्या, मागे बॅग घेऊन रॉनी. मी दारातच उभा होतो.

"मिस, काल लाईट गेली होती," मी म्हणालो. त्यांनी अजून किल्लीसुद्धा मागितली नव्हती.

मिस आत गेल्या. टीव्ही लावला. चष्मा लावून शून्य पाहिलं.

"अंकल, किती वेळ गेली होती?" रॉनीने विचारलं.

"पाच मिनिटं. दहा असतील."

"तुम्ही आत येऊन बघितलं नाही?"

"मी आत आलोच नाही," मी म्हणालो. आत गेलो नाही म्हटलं की प्रश्नच मिटला, असं मला वाटलं.

"ओके. पण स्कोर? आंटी सांगते तीन लाखाच्या वर झाला. तुम्ही असता ना रोज चहाला? तुम्ही बघितला असेल. तुम्ही हो म्हणा, मी मानतो. तुमच्यावर माझा विश्वास आहे अंकल."

आता 'हो' म्हणण्यात काहीही धोका नव्हता, हे मला आज कळतं. पण खोटं बोलणाऱ्याला सगळीच दारं पोलिसांची वाटतात. हो म्हटलं की तो विचारेल शेवटचा कधी पाहिला, मग कुठून पाहिला, मग किल्ली, मग शनिवार.

"माझा चष्मा नव्हता त्या दिवशी," मी म्हणालो. "आकडा काही दिसला नाही."

मिसनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या गॅलरीत पाहत होत्या. तिथे सगळ्या कुंड्यांच्या बशा काठोकाठ भरलेल्या होत्या. एका बशीत चिमणी अंघोळ करत होती.

"ठीक आहे," मिस म्हणाल्या. "साक्षीदार नाही. परीक्षा रद्द. ईस्टर आज आहे, म्हणजे मुदत संपली."

त्यांनी स्वतः वायर गुंडाळली. डबा टाइपरायटरच्या रेक्झिनच्या कव्हरात घातला आणि रॉनीच्या हातात दिला. रॉनीलाही वाईट वाटलं. "राहू दे गं आंटी, गंमत होती," तो म्हणाला. पण मिस पैज हरल्यावर गंमत करत नसत.

त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही. त्याऐवजी दोन दिवसांनी एक पत्र माझ्या हातात दिलं. वीज कचेरीला लिहिलेलं, विनासूचना वीज घालवल्याबद्दल, ओळखीच्या दुकानात जाऊन टाइप केलेलं, एकही चूक नाही. "तुम्ही साक्षीदार आहात ना लाईट गेल्याचे. तुम्हीच देऊन या."

मी गेलो. खिडकीतल्या माणसाने रजिस्टर पाहिलं. "काका, शनिवारी तुमच्याकडे काही बंद नव्हतं."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो.

"मग आलात कशाला?"

घरी येऊन सांगितलं, की चौकशी करणार आहेत. मिस म्हणाल्या, "छान. पुढच्या आठवड्यात स्मरणपत्र देऊ." अशी तीन स्मरणपत्रं मी नेऊन दिली. तिसऱ्या वेळी खिडकीतल्या माणसाने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी मुलगा-सून आहेत का विचारलं.

शिवाय अधूनमधून टोमणे असायचे. सुमन गॅलरीतल्या झाडांचं कौतुक करायला लागली की मिस म्हणायच्या, "फार गुणी आहेत. मी नसले तर आपापलं पाणी पितात." एकदा जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "सबनीस, आमच्या बायबलात एक पीटर आहे. येशूला ओळखतोस का विचारलं, तर तीनदा नाही म्हणाला."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही, रडला. पुढे संत झाला." आणि पिशवी सावरत खाली उतरल्या. त्यांना पहिल्या मिनिटापासून सगळं ठाऊक होतं. त्या फक्त माझ्या तोंडून ऐकायला थांबल्या होत्या. आणि त्यांना ठाऊक आहे हे मला कळल्यावर तर ते सांगणं आणखीनच अवघड होऊन बसलं.

टॅबवर त्या खेळायला लागल्या, पण सेव्ह कधी वापरलं नाही. अंगठा घसरायचा म्हणून त्यांनी नळवाल्याकडून रबरी वायसर आणले आणि काचेवर बटणांच्या चित्रांभोवती चिकटवले, म्हणजे न बघता जागा समजावी. रॉनी टॅबची ती दशा बघून कपाळाला हात लावून बसला. "आंटी, चाळीस हजारांचा टॅब आहे! नळ आहे का तो?"

"नळच होता," मिस म्हणाल्या. "आता थोडं बटण झालंय."

एकदा मी न राहवून विचारलं, की आता पटतो का खेळ? त्यांनी खरोखर विचार केला. म्हणाल्या, "खेळ तोच आहे, रॉन बरोबर बोलतो. पण तिकडे विमान पडलं की चूक माझी असायची. इथे पडलं की वाटतं काचेची असेल. स्वतःची चूक नक्की कळत नसेल तर सबनीस, माणूस सुधारणार कसा?"

मी चहा ढवळत बसलो. साखर कधीच विरघळली होती.

मग आमचं घर पाडायला निघालं. आम्ही भाड्याने नायगावला गेलो, मिस रॉनीकडे वसईला. गेल्या वर्षी त्यांची तब्येत बरी नाही असं कळलं तेव्हा मी ठरवून गेलो, एकटा. वाटेत वाक्य पाठ केलं. एकच वाक्य होतं.

मिस खिडकीपाशी खुर्चीत होत्या. पाठ अजून सरळ, पण आता तिच्यामागे उशी होती. मांडीवर टॅब. एका वायसरचा रंग उडाला होता. मला बघून मान हलवली आणि खेळत राहिल्या. मी मागे बसलो, जुन्या जागी बसल्यासारखा. रॉनीच्या बायकोने चहा ठेवला आणि ती आत गेली.

"मिस," मी म्हणालो, "त्या शनिवारी लाईट गेली नव्हती."

"थांबा," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "शेवटचं विमान आहे."

मी थांबलो. विमान बरंच लांब गेलं. पूल आला, पुलावरून गेलं, पुढच्या वळणावर आपटलं. मिसनी टॅब बाजूला ठेवला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे नीट वळल्या. चष्म्यातून बघत राहिल्या. विद्यार्थी तयारी करून आलाय का, ते त्या अशाच बघायच्या.

"हं. काय म्हणत होता?"

पाठ केलेलं वाक्य एकदा बाहेर पडलं होतं. ते पुन्हा येईना.

"चहा छान झालाय," मी म्हणालो.

"हो का?" मिस म्हणाल्या. "अजून प्यायला नाहीत तुम्ही."

आम्ही दोघंही हसलो. त्या जास्त हसल्या, खोकला लागेपर्यंत. मग इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. सुमनच्या करंगळीची चौकशी झाली. निघायची वेळ झाली तसा मी उठलो, नमस्कार केला आणि दाराकडे वळलो.

तेव्हा माझा उजवा हात उठला. बोर्ड दाराशेजारीच होता. तळवा बटणांना लागलासुद्धा.

"सबनीस."

मी वळून पाहिलं. मिस खिडकीच्या उजेडात बसल्या होत्या. टॅब पुन्हा मांडीवर घेतला होता, दोन्ही अंगठे वायसरांच्या आत, आणि नजर माझ्या हातावर.

"राहू द्या चालू," त्या म्हणाल्या. "माणूस आहे अजून आत."

मी हात खाली घेतला. पंखा फिरत राहिला.

आकडा तीन लाख बेचाळीस हजार सातशे होता. मी पाहिला होता. चष्मा डोळ्यांवर होता.